कोंबडी घराबाहेर जात नाही

सांगवी, तालुका शिरपूर
२ नोव्हेंबर १९३५

दाजी रुपचंदजी यांस धाकट्या मेहुण्याचा, अभिमनचा, वाकून रामराम.

हे पत्र घेऊन आमचा गडी झुलाल येतो आहे. त्याच्या डोक्यावरची पाटी हळूच उतरवून घ्या, आणि वरचे फडके काढण्याआधी दोन पावले मागे सरा. आत लाख्या आहे. आमच्या घराण्यातला असील, झुंजीच्या जातीचा कोंबडा. तुमच्या लग्नात निम्मे वऱ्हाड नवरदेवाला सोडून आमच्या वडिलांच्या, आबांच्या, खुराड्यापाशी जमले होते, ते ज्याला बघायला जमले त्याचा हा नातू. मान ताठ, छाती तुमच्या मामलेदारासारखी, आणि रंग पिकल्या लाखेचा.

त्याला पाठवायचे कारण असे की अनेर नदीच्या बाजूने कोंबड्यांवर मर येते आहे. दोन गावे साफ झाली. सगळी पाखरे एका अंगणात ठेवणे शहाणपणाचे नाही, म्हणून निदान एक तरी तापीपलीकडे असावा. साऱ्या नातलगांची घरे मनातल्या मनात फिरून आलो. एकाच्या घरी पाहुणे फार, दुसऱ्याची बायको रस्सा फार चांगला करते. तुमच्या गळ्यात माळ आहे. अख्ख्या खानदेशात कोंबड्याला मरणाची भीती नाही असे माझ्या ओळखीचे एकच घर आहे, ते तुमचे.

त्याला रात्री भिजवलेली बाजरी द्यावी. सकाळी कोमट तेल-हळदीने पाय चोळावेत. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कोंबड्याचे तोंड त्याला दिसू देऊ नये. असील दुसरा पाहिला की मागेपुढे बघत नाही.

ताईला सांगा, लाख्या तिला ओळखणार नाही, पण तिने त्याला ओळखावे.

आपला,
अभिमन


नशिराबाद
१० नोव्हेंबर १९३५

चि. अभिमन यास रुपचंदचा आशीर्वाद.

तुमची वस्तू पोचली. तुम्ही आधी विचारले असते तर मी नाही म्हटले असते, हे ठाऊक असल्यामुळेच तुम्ही विचारले नाही, एवढे माझ्या ध्यानात आले आहे. जळगावच्या जिनात कापसाची तोलणी करणाऱ्या माणसाला इतपत हिशेब येतो.

आमच्या घरात सात पिढ्या कोंबडी शिरली नाही. मंगळवारी भजनी मंडळ ओट्यावर बसले असता तुमच्या लाख्याने मध्येच बांग दिली, आणि ती नेमकी तालावर पडली म्हणून मृदंगवाला हसत सुटला. माझ्या वडिलांना, नानांना, तर भलतेच कौतुक वाटते आहे. त्यांची खाट ओट्यावर असते, हा खाटेखाली बसतो, आणि दोघे मिळून रस्त्याने जाणाऱ्यांकडे रोखून बघतात.

तुमची बहीण त्याला पाहून रडली. माहेराहून माणूस आले तरी ती कधी रडत नाही, कोंबड्याला पाहून रडली. तेवढ्यासाठी त्याला आठ दिवस ठेवून घेतो. झुलालला लगेच पाठवावे.

रुपचंद


सांगवी
२४ नोव्हेंबर १९३५

दाजी, हात जोडतो. झुलालला पाठवत नाही.

मर आमच्या गावात आली. सकाळी उठावे आणि एखाद्याने मान टाकलेली असावी, असे चालले होते. नर एकही राहिला नाही. काजळी आणि मैना अशा दोन कोंबड्या तेवढ्या उठून बसल्या. आबांनी तीस वर्षे जपलेली जात आता या दोघींत आणि तुमच्या ओट्यावरच्या त्या एकात आहे. काजळी म्हातारी आहे. या हंगामात तिची अंडी लाख्याच्या पायगुणाने भरली नाहीत तर आमच्या असिलांचे नाव संपले.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडून आणा. पण असीलवाल्यांची रीत तुम्हाला ठाऊक नाही. नर कुठेही द्यावा, चार गावे फिरवावा, परत आणावा. कोंबडी मात्र घराबाहेर द्यायची नाही, सोन्याच्या मोलाने मागितली तरी. जात कोंबडीत असते. आबांनी मरताना माझ्याकडून तेवढेच वचन घेतले. जमीन, बैल, घर, कशाबद्दल काही बोलले नाहीत. आम्ही देत नाही तसे दुसरेही कोणी देत नाही.

तेव्हा इथली हवा स्वच्छ होईपर्यंत लाख्याला सांभाळा. संक्रांतीनंतर कोंबड्या अंड्यावर येतील, तेव्हा मी नेईन. तोवर शिव्या द्या, पण बाजरी भिजवून द्या.

अभिमन


नशिराबाद
८ जानेवारी १९३६

चि. अभिमन यास आशीर्वाद.

लाख्याची प्रकृती उत्तम. तुम्ही सांगितलेली मालीश चुकीची आहे असे माझे मत झाले आहे. पाय वरून खाली न चोळता खालून वर चोळले असता तो डोळे मिटून घेतो. बाजरीबरोबर दोन बदाम देतो. बदाम घरात पडून होते. मुद्दाम आणलेले नाहीत.

त्याच्या चालीबद्दल तुम्ही काहीच लिहिले नव्हते याचे नवल वाटते. काल जिनातले हेडक्लार्क आले होते, त्यांनी विचारले की हे कोण. हे काय, असे विचारले नाही, हे कोण, असे विचारले.

मध्यंतरी एक लहानसा अपघात झाला. लाख्याला काही झाले नाही. आरसा फुटला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

संक्रांतीनंतर नेणार म्हणता, पण थंडी अजून फार आहे. तापीवरचा वारा त्याला सोसेल असे वाटत नाही. घाई करू नये.

रुपचंद


सांगवी
२२ जानेवारी १९३६

दाजी,

काय लिहू? आमचा हिलाल कापूस घेऊन जळगावला गेला होता. जिनाच्या फाटकापाशी त्याने तुम्हाला दुरून पाहिले. सांगत आला की दाजींच्या डोक्याला फेटा होता, पण मिशी साफ उतरवलेली. बाप असताना मिशी कोण काढतो?

नाना गेले, आणि मला कोणी कळवलेही नाही. ताईचा राग मी समजू शकतो. संकटात आठवण आली ती कोंबड्याची, माणसांची नाही, असे तिला वाटले असणार.

नानांसारखा माणूस पुन्हा व्हायचा नाही. लग्नात मानपानावरून तुमचे काका रुसून बसले तेव्हा नानाच म्हणाले होते की मुलगी चांगली आहे, पानाचे काय घेऊन बसलात, आणि स्वतः उठून वाढायला लागले. माझ्या बहिणीला त्यांनी कधी सून म्हटले नाही. त्यांच्या जिवावर आम्ही तिला तापीपार निर्धास्त ठेवले.

मला लगेच निघता येत नाही. मैना आजारातून नुकती उठली आहे आणि काजळी अंड्यावर आली आहे, दोघींना टाकून आलो तर मुंगसाचे फावेल. दुखवट्याचा फेटा टपालाने पाठवतो. तुमचे दुःख हलके होईपर्यंत लाख्याचे नाव काढणार नाही. काजळीची अंडी वाया चालली आहेत, पण सुतकाच्या घरातून कोंबडा मागण्याइतका मी नीच नाही.

आपला दुःखी,
अभिमन


नशिराबाद
५ फेब्रुवारी १९३६

चि. अभिमन यास आशीर्वाद.

पत्र वाचून गहिवरलो. फेटा पोचला. घरातल्या कर्त्या माणसाने तो बांधला.

नानांचे म्हणाल तर काय लिहावे. ओट्यावरची खाट आत घेतली. त्यांच्या खोकल्याचा आवाज अजून कानात आहे. सकाळी चहाच्या वेळी तर हटकून त्यांची आठवण करावी लागते. लाख्या रात्रंदिवस त्यांच्या खाटेखाली बसून असतो, तिथून हलत नाही. अशा वेळी त्याला त्या जागेवरून उठवणे बरे दिसणार नाही. तुम्ही समजूतदार आहात. होळीनंतर बघू. किंवा पाडव्यानंतर.

रुपचंद


नशिराबाद
१६ फेब्रुवारी १९३६

चि. अभिमन यास.

हे पत्र मी रुपचंद लिहितो आहे, पण यातले बोलणे माझे नाही. तुमची बहीण समोर पाटावर बसली आहे, तिच्या हातात लाटणे आहे, आणि ती सांगते ते शब्दाला शब्द लिहिण्याची मला ताकीद आहे.

ती सांगते की नाना जिवंत आहेत.

ती सांगते की तुझे दुखवट्याचे पत्र ह्यांनी कोटाच्या खिशात दडवले होते. काल कोट उन्हात टाकला, पत्र पडले, आणि ते सापडले नेमके नानांना. नानांनी चष्मा लावून ओट्यावर मोठ्याने वाचले. नानांसारखा माणूस पुन्हा व्हायचा नाही, इथे ते थांबले आणि शेजारच्या कुंदाबाईला हाक मारून तेवढे पुन्हा वाचले. संध्याकाळी भजनी मंडळापुढे तिसऱ्यांदा वाचन झाले. नाना म्हणाले, "मेल्यावर लोक हे सगळं बोलणार, आणि मी नेमका ऐकायला नसणार होतो. अभिमननं सोय केली." फेटाही त्यांनीच बांधला आहे. संक्रांतीचा म्हणून ह्यांनी त्यांना दिला होता. दुखवट्याचा आहे हे कळल्यावरही ते तो सोडत नाहीत.

मिशीचे ती सांगते ते असे. (हे लिहिणे जरुरीचे नव्हते असे माझे म्हणणे. ती म्हणते, लिहा.) पौषात एके सकाळी न्हावी दाढीला आला. साबण लावला, एका बाजूची मिशी कोरून झाली, आणि दुसरीची टोके सारखी आहेत का बघायला त्याने आरसा ह्यांच्या हातात दिला. हे आरसा घेऊन उजेडाकडे वळले. अंगणात लाख्या होता. गावातल्या साऱ्या कोंबड्यांची तोंडे त्याला दिसू नयेत म्हणून ह्यांनी दोन महिने कुडाला गोणपाटे बांधली, पण घरातल्या आरशात एक असील बसलेला आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आले नाही. लाख्या उडाला. आरसा खाली, न्हावी चुलीपाशी, आणि वस्तरा हलून उजवी मिशी अर्धी गेली. अर्ध्या मिशीने जिनात कसे जायचे, म्हणून डावीही काढली.

मग काय, गाव लोटले. बायका दारातूनच गळा काढत आत शिरल्या. ओट्यावर नाना बसलेले. ते प्रत्येकीला विचारत, कोण गेलं गं. बेबाबाई तर त्यांच्याच पायाशी बसून त्यांच्यासाठी रडत होती, आणि तेही तिची समजूत घालत होते.

ती सांगते की लबाडी झाली, आणि तिला लाज वाटते. इथे तिचे सांगणे संपले व ती भाकरी टाकायला उठली.

आता माझे. लबाडी झाली, खरी. पण अभिमन, सकाळी जिनात जाताना तो फाटकापर्यंत बरोबर येतो. चाळीस वर्षांत माझ्याबरोबर फाटकापर्यंत कोणी आले नव्हते. लाख्या मी देईन, पण मोबदल्यात मला पुढे होणाऱ्या पिल्लांतली एक तलंग, कोवळी कोंबडी, द्यावी. ती अंडी घालू लागली की इथेही त्याची पिल्ले होतील, आणि मी पुन्हा कधी काही मागणार नाही.

रुपचंद


सांगवी
३ मार्च १९३६

दाजी,

पत्र पारावर वाचले. हसून हसून हिलालला उचकी लागली. नानांना माझा दंडवत सांगा, आणि पत्रातला एकही शब्द मी मागे घेत नाही म्हणावे. त्यांनी तो फेटा आणखी वीस वर्षे बांधावा.

पण तुमच्यावर मी रागावलो आहे. तुम्ही नानांच्या खोकल्याची आठवण काढत होतात, तेव्हा इथे काजळी एकेक अंडे घालून माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळी अंडी पोकळ गेली. हातात धरून उन्हाकडे केले की आत काही दिसत नाही. आता ती थांबली आहे. वैशाखात आखाजीच्या सुमाराला पुन्हा एक वेत घालेल, तो तिचा शेवटचा. मैनेचे काही खरे नाही.

तलंग मागता? दाजी, माझी बैलजोडी मागा. तुम्ही घेऊन ती लढवणार नाही, विकणार नाही, सगळे मला ठाऊक आहे. पण कोंबडी घराबाहेर जात नाही. आबांनी माझा हात धरून सांगितले आहे. लाख्या आमचा आहे, तो परत करण्यासाठी मोबदला कसला?

अभिमन


नशिराबाद
१५ मार्च १९३६

चि. अभिमन यास.

पुन्हा मीच लिहितो आहे आणि पुन्हा बोलणे तिचे आहे. या वेळी लाटणे नाही. ती शांत आहे, म्हणून मी जास्त घाबरलो आहे.

ती सांगते की लाख्या परत येईल, आणि अट काहीही नाही. ह्यांनी अट घातली ती तिला न विचारता घातली. आखाजीला तिला माहेरी न्यायला तू मुऱ्हाळी म्हणून ये. या वेळी गाडीभाडे वाचवायला झुलालला पाठवू नको, तू ये. लाख्या तिच्या मांडीवर बसून येईल.

पण तिला एक विचारायचे आहे, आणि ते तिच्याच बोलीत लिहावे असे ती म्हणते. "आबानी माले तापीपल्याड दिधी. मंग कोंबडी देवाले काय हुयनं?"

ती सांगते की लहानपणी खुराडे तीच झाडायची. मर आली की राखेत हात घालून पिल्ले तीच शेकायची. तू तेव्हा झोक्यावर होतास. आबांनी तिला दिली तेव्हा घराबाहेर दिली म्हणून कोणी जीव टाकला नाही, पोरीची जात दुसऱ्याच्या घरीच जायची असे सगळे म्हणाले. आणि कोंबडीची मात्र घरातच राहायची. तिचे भांडण नाही. पोर दिली तर कोंबडी द्यायला काय झाले, एवढेच तिला कळत नाही, असे ती म्हणते.

हे लिहिताना मी दोनदा टाक खाली ठेवला. ती माझ्या घरी येऊन चौदा वर्षे झाली, आणि खुराडे झाडायला तिला आवडते हे मला आज कळले.

रुपचंद


सांगवी
६ मे १९३६

दाजी,

ताई सुखरूप आहे. आखाजीचा झोका निंबाला बांधला आहे आणि ती पोरींना बाजूला सारून सगळ्यांत उंच जाते. लाख्या आगगाडीत तिच्या मांडीवर पदराखाली बसून आला. नरडाणा स्टेशनात तिकीट तपासनीस म्हणाला, बाळ फार शांत आहे. तेवढ्यात बाळाने बांग दिली.

काजळी जागेवर आहे. लाख्याला पाहून तिने आधी पाठ फिरवली, मग तासाभराने स्वतःच त्याच्या बाजूला जाऊन माती उकरू लागली. शेवटच्या वेताची अंडी भरली आहेत. उन्हाकडे धरली की आत लाल कोळ्याचे जाळे दिसते. मी पाहिले, ताईने पाहिले, मग मी पुन्हा पाहिले. काजळी जड आहे, बसली तर अंडी चिरडेल, म्हणून ती गावठी खुडूक कोंबडीखाली घातली. ताई दिवसभर तिथेच. अंगणात मला कोणी विचारत नाही.

तो प्रश्न ताई पुन्हा विचारत नाही. त्यामुळे जेवण जात नाही.

तुमच्या फाटकापर्यंत सध्या कोण येते?

अभिमन


नशिराबाद
१९ मे १९३६

चि. अभिमन यास आशीर्वाद.

कोणी नाही. नानाही उदास आहेत. तुमच्या बहिणीला लवकर पाठवावे. पिल्ले किती निघाली ते तारेने कळवावे. तार महाग पडते हे मला ठाऊक आहे.

मिशी पूर्ववत आली आहे.

रुपचंद


सांगवी
८ नोव्हेंबर १९३६

दाजी रुपचंदजी यांस वाकून रामराम.

भाऊबीजेला मी स्वतः येतो आहे. ताईला सांगा, ओवाळणीचे ताट जरा मोठे घ्यावे. यंदा पाटी घेऊन येईन. वरचे फडके काढण्याआधी दोन पावले मागे सरायची गरज नाही, ती स्वभावाने गरीब आहे. काजळीच्या शेवटच्या वेताची, सगळ्यांत पहिली फुटलेली. ताईनेच तिला अंड्यातून सोडवली होती.

आबांच्या वचनाचा मी पावसाळाभर विचार केला. औत धरताना केला, खुराडे झाडताना केला. आता खुराडे मीच झाडतो. आबा म्हणाले, कोंबडी घराबाहेर द्यायची नाही. मी घराबाहेर देत नाही, ताईला देतो. माझी बहीण घराबाहेरची आहे असे आबा वर बसून म्हणत असतील तर त्यांनी खाली येऊन मला सांगावे.

अभिमन


नशिराबाद
२ मे १९३७

चि. अभिमन यास.

बोलणे तिचे, अक्षर माझे. आता आम्हा दोघांनाही याची सवय झाली आहे.

ती सांगते की यंदा आखाजीला ती येणार नाही. रागाने नाही. तलंग, जिला आता तलंग म्हणता येत नाही, खुडूक बसली आहे. चैत्राच्या सुरुवातीला लाख्या इथे राहून गेला त्याचा हा परिणाम. आईसारखी जड नाही, अंगाने सडपातळ आहे, म्हणून तिच्याखाली तिचीच अंडी ठेवली आहेत. नानांच्या खाटेखाली जागा धरली आहे, आणि नाना फेटा बांधून वरून पहारा करतात. कोणी मोठ्याने बोलले की बोट ओठावर ठेवतात. भजनी मंडळाला मृदंग बंद करायला लावला आहे. घरातले सगळे आरसे मी पेटीत ठेवले आहेत. दाढी अंदाजाने करतो.

अशा वेळी तिला सोडून जाता येत नाही, ती सांगते. नवी आहे, घर नवे आहे, पहिलेपणाचे आहे. तेव्हा या वर्षी झोका बांधू नको, तूच इकडे ये. आणि येण्याआधी आबांच्या फोटोपुढे उभा राहून तिचा एक निरोप सांग. एवढेच तिच्या बोलीत लिहायला सांगितले आहे, आणि सांगताना ती आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसले.

"आबा, तुन्ही कोंबडी नांदी ऱ्हायनी."